कोर्स पुरा करायचा असतो

सोमवार, १४ जानेवारी २००२

ही डायरी औषध कंपनीच्या एमआरने दिली. दरवर्षी पाटणकर डॉक्टरांना चार-पाच मिळतात, त्यातली एक माझ्याकडे येते आणि दरवर्षी मी तीत किराण्याची यादी लिहितो. यंदा म्हटलं, खरीखुरी डायरी लिहू. बावन्न वर्षं पुरी झाली. त्यातली चोवीस डॉक्टरसाहेबांच्या सातपूरच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून गेली. लिहिण्यासारखं फार काही नसेल, पण दुपारी एक ते पाच दवाखाना बंद असतो आणि मला दुपारची झोप येत नाही.

आज संक्रांत. छायाला तीळगूळ द्यायला कुठे जाता आलं नाही. शुक्रवारी तिची दाढ काढली, गाल अजून सुजलेला आहे. दंतवैद्याने दिलेल्या गोळ्या मी पाहिल्या. अगदीच साध्या. त्या बाजूला ठेवल्या आणि दवाखान्यातल्या सॅम्पलच्या कपाटातून तिच्यासाठी निळ्या कॅप्सुलींची पाकिटं आणली. एमआर म्हणाला होता, हाडापर्यंत पोचणारं औषध आहे, दात-जबड्याला याच्यासारखं दुसरं नाही. विकत घ्यायची तर आपल्याला परवडायची नाहीत. डॉक्टरसाहेबांना विचारलं नाही. सॅम्पलं मीच लावतो, ते त्या कपाटाकडे बघतही नाहीत.

छाया म्हणाली, "एवढं भारी कशाला? दाढच तर काढलीय."

म्हटलं, "लग्नाला सव्वीस वर्षं झाली. तुला भारी असं काय दिलंय मी? घे गुपचूप."

हसली, तर तिचा गाल दुखला.

गुरुवार, १७ जानेवारी

सूज उतरली. छाया म्हणते, कॅप्सूल घेतली की तोंडाला लोखंडाची चव येते, पोटात कसंतरी होतं, बंद करू का? मी नाही म्हटलं. कोर्स पुरा करायचा असतो. अर्धवट सोडला की जंतू शिरजोर होतात, हे मी पेशंटना दिवसातून वीसदा सांगतो. घरीच दिव्याखाली अंधार नको. सात दिवस म्हणजे सात दिवस.

सकाळी शेजारच्या लंकाबाई नातवाला घेऊन आल्या. गल्लीतले बरेचजण दवाखान्यात न येता घरीच येतात. म्हणाल्या, "डॉक्टर, पोराचं नाक चार दिस झाले गळतंय. काहीतरी कडक द्या बरं." सगळ्यांना कडकच हवं असतं. अँटिबायोटिक पावडरची बाटली दिली, पाणी कुठवर भरायचं ती खूण दाखवली. मला डॉक्टर म्हणतात. पूर्वी मी दुरुस्त करायचो, आता कंटाळा येतो.

सोमवार, २१ जानेवारी

कोर्स पुरा झाला. छायाने रिकामं पाकीट माझ्यापुढे धरलं आणि म्हणाली, "घ्या. एकही चुकवली नाही."

मंगळवार, २९ जानेवारी

छायाला परवापासून जुलाब. काल सहा वेळा, आज दुपारपर्यंत पाच. पलीकडच्या गल्लीत हळदीकुंकवाला भेळ होती, तिचाच प्रताप. मी नेहमीच्या दोन गोळ्या सुरू केल्या, एक जंतूंवर आणि एक जुलाब थांबवायची. दोन दिवसांत बसेल.

रविवार, ३ फेब्रुवारी

बसलं. छाया उठून स्वयंपाकाला लागली. लंकाबाई भेटल्या. त्यांच्या नातवालाही म्हणे मधे हगवण लागली होती. "तुमची बाटली संपली न् दोन दिसांत पोट बी बसलं पोराचं. तुमच्या हाताला गुण हाय, डॉक्टर." बरं वाटलं. चोवीस वर्षांत असं कौतुक फार वेळा वाट्याला आलं नाही.

शनिवार, ९ फेब्रुवारी

पुन्हा सुरू झालंय, आधीपेक्षा जास्त. आठ, नऊ, मग मोजणं सोडलं. आमच्याकडे संडास जिन्याखाली आहे. छायाला प्रत्येक वेळी सोळा पायऱ्या उतरायच्या आणि चढायच्या. मी बॅटरी धरून मागे उभा राहतो. सकाळी तिला वाटेतच झालं. पायरीवर बसून रडली. म्हटलं, अगं मी कंपाउंडर आहे, मला काय नवीन. बादली आणली आणि धुवून काढलं. पण खरं सांगायचं तर मलाही रडावंसं वाटलं.

डॉक्टरसाहेबांना दाखवलं. त्यांनी जीभ पाहिली, पोट दाबलं, म्हणाले, "अमिबा असणार, खंडेराव. नाशिकच्या पाण्यात आहेच." आणखी कडक गोळ्या लिहून दिल्या आणि तीन दिवस इंजेक्शन. बाहेर चाळीस पेशंट बसले होते. याआधी काय घेतलं ते त्यांनी विचारलं नाही, आणि मीही विषय काढला नाही. दाढेचा आणि पोटाचा काय संबंध?

बुधवार, १३ फेब्रुवारी

इंजेक्शनं झाली, उतार नाही. छायाचं वजन दवाखान्याच्या काट्यावर अठ्ठेचाळीस किलो भरलं. दिवाळीत चोपन्न होतं.

शुभांगीशी वाजलं. आमची एकुलती एक. कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकते, दुसरं वर्ष. जेवताना म्हणाली, "नाना, सारख्या अँटिबायोटिक देऊ नका. आपल्या आतड्यात किलोभर जंतू राहतात. ते चांगले असतात. अन्न पचवतात, वाईट जंतूंना जागा मिळू देत नाहीत. तुम्ही सगळेच मारताय."

म्हटलं, "किलोभर? मग त्यांचं रेशनकार्ड काढू का?"

ती हसली नाही. "आईला हे सुरू व्हायच्या आधी काय दिलं होतं?"

"दंतवैद्याने दिल्या त्या गोळ्या."

"त्याच?"

"त्याच."

का खोटं बोललो ते मला नीट सांगता येत नाही. पुस्तकातली दोन पानं वाचून पोरीने माझी तपासणी घ्यावी, याचा राग आला होता. चोवीस वर्षांत मी जंतू मारायचंच औषध बांधलंय. चांगला जंतू म्हणजे चांगला साप म्हटल्यासारखं झालं.

सोमवार, १८ फेब्रुवारी

छायाला दवाखान्यात दाखल केलं. आमच्या नव्हे, त्र्यंबक रोडवरच्या, पोटाच्या डॉक्टरांच्या. काल ताप एकशेतीन आणि पोट फुगून घट्ट. रिक्षात तिचं डोकं माझ्या खांद्यावर होतं, तरी वजन जाणवलं नाही.

डॉक्टर वयाने माझ्या पुतण्याएवढे असतील. पण शांत माणूस. छायाला एक्स-रेला नेलं तेव्हा त्यांनी मला समोर बसवून सगळं विचारलं. कधी सुरू झालं, रक्त पडतं का, घरात कोणाला टीबी आहे का. मग विचारलं, "त्याआधी महिना-दीड महिन्यात काही अँटिबायोटिक? कुठल्याही कारणाने?"

मी म्हटलं, "दाढ काढली होती, तेव्हाच्या साध्या गोळ्या. दुसरं काही नाही."

त्यांनी लिहून घेतलं.

ते पाटणकर डॉक्टरांना ओळखतात. कपाटातली औषधं मी न विचारता आणतो, गल्लीत वाटतो, हे कळलं तर? हात दाखवून अवलक्षण कशाला. आणि कॅप्सुली संपून महिना होत आला. महिन्यापूर्वीचं औषध पोटात राहतं थोडंच?

बुधवार, २० फेब्रुवारी

टायफॉइड नाही. अमिबा सापडला नाही. आतड्याचा टीबी असू शकतो म्हणतात. दोन्ही हातांना सलाइन. तापासाठी आणखी एक अँटिबायोटिक शिरेतून सुरू केलं. मी बाटलीवरचं नाव वाचलं, भारी आहे. एरवी बरं वाटलं असतं. आज वाटलं नाही.

आमच्या दवाखान्यात सकाळी जातो, कारण रजा घेतली तर घरी बसून काय करू? पुड्या बांधताना दोनदा चुकलो. सुनंदा सिस्टर म्हणाल्या, "खंडूभाऊ, तुम्ही जा." मी गेलो नाही. जिथे जायचं तिथे तो प्रश्न पुन्हा विचारतील.

शनिवार, २३ फेब्रुवारी

पोट आणखी फुगलं आहे. आज जुलाब कमी झाले म्हणून मी खूश झालो होतो. डॉक्टर म्हणाले, हे चांगलं लक्षण नाही, आतडं चालायचं थांबतंय. फुटलं तर ऑपरेशन करावं लागेल, आणि अशा अंगाला ऑपरेशन झेपेल का ते सांगता येत नाही. उद्या सकाळी दुर्बिणीने आतून बघणार.

जाता जाता पुन्हा म्हणाले, "आठवून बघा, काही राहिलंय का सांगायचं." मी नकारार्थी मान हलवली. शुभांगी शेजारीच होती.

छायाने पाणी मागितलं. ते द्यायचं नाही म्हणून मी ओल्या कापसाने तिचे ओठ पुसले. तिने माझं बोट धरून ठेवलं. तिला माझ्याबद्दल काय वाटत असेल, असा विचार मनात आला आणि तिथे बसवेना. खाली जाऊन टपरीवर दोन चहा प्यायलो.

रविवार, २४ फेब्रुवारी

सांगितलं.

सकाळी साडेसातला डॉक्टर आले, तेव्हा जिन्यातच गाठलं. वाक्य घोकून ठेवलं होतं, ते आठवलंच नाही. मी म्हटलं, "डॉक्टर, मी तिला निळ्या कॅप्सुली दिल्या होत्या. दिवसाला चार, सात दिवस. ती बंद करू का म्हणत होती. मीच करू दिल्या नाहीत." औषधाचं नाव सांगितलं. त्यानंतर काय काय दिलं तेही सगळं सांगितलं, जुलाब थांबवायची गोळीसुद्धा.

मला वाटलं, ओरडतील. ते जिन्यातच थांबले. मग म्हणाले, "सोमवारी सांगितलं असतंत तर," आणि भराभर वर गेले. दुर्बिणीत आतड्याला आतून पिवळे पापुद्रे दिसले. त्यांना आता काय शोधायचं ते माहीत होतं.

नंतर त्यांनी शुभांगीला आणि मला समजावलं. कॅप्सुलींनी दाढेचे जंतू मारले, तसे आतड्यातलेही मारले. तिथे कोट्यवधी राहतात, त्यांच्या गर्दीमुळे वाईटाला शिरकाव मिळत नाही. ती गर्दी उठली की एक चिवट जातीचा जंतू मोकळ्या रानात माजतो. त्याचं विष आतडं सोलतं. मग मी जे जे दिलं, त्याने उरलेसुरले गेले. आणि जुलाब थांबवून मी ते विष आत कोंडून ठेवलं.

हे सगळं शुभांगीने जेवताना सांगितलं होतं. मी तिच्याकडे बघितलं नाही. मला मखमलाबादचा आमचा मळा आठवला. वडील वाफा कधी मोकळा ठेवू देत नसत. पालक निघाला की मेथी, मेथी निघाली की कोथिंबीर. मोकळ्या वाफ्यात हराळी येते, म्हणायचे, आणि ती एकदा आली की मग खुरपं घेऊन आयुष्य काढा.

शिरेतलं औषध बंद केलं. जे सुरू केलं ते आमच्या दवाखान्यात डबाभर पडलेलं असतं. सगळ्यात स्वस्त गोळी. नाकातल्या नळीतून, कुटून.

मंगळवार, २६ फेब्रुवारी

ताप एकशेएक. पोट किंचित मऊ.

शुभांगी कालपासून माझ्याशी बोलत नाही. आईचं सगळं करते, मला फक्त लागेल तेवढं सांगते, "टॉवेल आणा", "नाना, सही करायचीय". ओरडली असती तर सोसलं असतं.

दुपारी ती घरी आंघोळीला गेली तेव्हा मी छायाला सांगितलं. म्हटलं, "मी डॉक्टरांना त्या कॅप्सुलींचं सांगितलं. परवा."

तिने डोळे उघडले. आवाज अगदी बारीक झालाय, वाकून ऐकावं लागलं.

"परवा?"

"हो."

"मला वाटलं, पहिल्याच दिवशी सांगितलं असेल तुम्ही."

मी तिच्या हाताखालची उशी सारखी केली.

"मला नर्स विचारत होती, आधी काय घेतलं म्हणून. मी म्हटलं, आमच्या ह्यांना विचारा, ते औषधातलेच आहेत, त्यांना सगळं ठाऊक असतं."

एवढं बोलून ती दमली आणि डोळे मिटले. सलाइनचा थेंब मी मोजत बसलो. मिनिटाला चाळीस. तो बरोबर पडत होता, तरी मोजत होतो.

रविवार, ३ मार्च

ताप उतरला. ऑपरेशन टळलं. डॉक्टर स्वतःच्या तोंडाने म्हणाले, "वाचल्या." मी संडासात जाऊन रडलो, मग तोंड धुवून बाहेर आलो. शुभांगीने माझ्याकडे पाहिलं आणि रुमाल पुढे केला.

मंगळवार, १२ मार्च

छाया घरी आली. बेचाळीस किलो. वर नेताना पुंजाने, माझ्या धाकट्या भावाने, तिला उचललं.

मी निघताना डॉक्टरांना विचारलं, ते चांगले जंतू परत यायला काय देऊ? कॅप्सूल, टॉनिक, काहीतरी असेलच. म्हणाले, "साधं जेवण द्या. पेज, वरणभात, ताक पचलं तर ताक. आणि वेळ द्या." किती वेळ? "महिने. ते आपापले येतात. मधे काही देऊ नका, एवढंच करा." काही न देणं हे मला कोणी कधी शिकवलेलं नाही.

बुधवार, २० मार्च

परत जुलाब. आठवडाभर जरा बरं गेलं आणि परत. डॉक्टर म्हणाले, असं होतं, त्या जंतूच्या बिया राहतात. तीच गोळी पुन्हा, यावेळी जास्त दिवस आणि हळूहळू कमी करत. सोळा पायऱ्या, बॅटरी, बादली. आता आम्ही दोघंही रडत नाही. तेवढा जोरच उरलेला नाही.

आज पाटणकर डॉक्टर म्हणाले, "कळलं मला." मी कपाटाची किल्ली टेबलावर ठेवली. त्यांनी ती उचलून खिशात घातली. मग बराच वेळ पेनाचं टोपण उघडत-मिटत राहिले. फेब्रुवारीत त्यांनीही न विचारता लिहून दिलं होतं, ते त्यांना आठवत असणार. आपलेच दात, आपलेच ओठ. पुढचा पेशंट आत पाठव म्हणाले.

शनिवार, ३० मार्च

लंकाबाई नातवाला घेऊन आल्या. पुन्हा नाक. "ती मागची बाटली द्या, भाऊ. लय गुणाची."

म्हटलं, "नाक आपोआप थांबेल. काही देऊ नका."

"काही नाय?"

"काही नाही. आणि त्याला मागे हगवण लागली होती ना, ती माझ्या बाटलीनेच लागली असणार."

त्यांना ते पटलं नाही. घरात आजारपण आहे म्हणून माझं डोकं ठिकाणावर नाही, असं गल्लीत सांगत होत्या म्हणे. नातवाला घेऊन कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गेल्या. मी खिडकीतून पाहिलं. अशी किती पोरं मी कडक औषध देऊन परत पाठवली असतील, ते आठवायला बसलो. लवकरच सोडून दिलं.

सोमवार, ८ एप्रिल

दहा दिवस जुलाब नाहीत. छायाने आज अर्धी भाकरी खाल्ली आणि पुंजाने आणलेली मेथी. पचली. वजन चव्वेचाळीस. शुभांगी आता माझ्याशी बोलते, पहिल्यासारखी नाही, पण बोलते. परीक्षा जवळ आली आहे, लायब्ररीत बसते आणि सहाच्या बसने येते.

मंगळवार, १६ एप्रिल

दुपारी घरी आलो तेव्हा छाया डोक्याला पदर बांधून पडली होती. ऊन फार आहे. म्हणाली, डोकं फुटतंय. मी पाण्याचा पेला आणि तापाची साधी गोळी आणली. ही देता येते, डॉक्टरांनी सांगितलेलं आहे. तिच्या हातावर ठेवली.

तिने गोळी बघितली. उलटी करून बघितली. तिला इंग्रजी वाचता येत नाही, तरी पाकीट मागितलं आणि तेही बघितलं.

"घे ना," म्हटलं. "साधी आहे. अंगदुखीची."

"हो, असेल," म्हणाली. रागाने नाही. तिला राग आलेला मी या सगळ्यात एकदाही पाहिला नाही. गोळी तिने पाकिटावर ठेवली आणि दोन्ही उशाशी सरकवलं.

"डोकं दुखतंय ना तुझं?"

"दुखतंय. पण शुभांगी येऊ दे. तिला दाखवते, मग घेते."

सव्वीस वर्षांत तिने माझ्या हातातलं काहीही न बघता तोंडात टाकलं होतं. मी पंखा वाढवला आणि ओल्या फडक्याची घडी तिच्या कपाळावर ठेवली. ती तिने ठेवू दिली. आता तीन वाजून दहा मिनिटं झालीत. शुभांगीची बस सहाला येते.